आर्थर रोडचा तुरुंग आता बदलाच

सातरस्त्याकडून चिंचपोकळीकडे जाणाऱ्या रस्त्याला आज साने गुरुजींचे नाव आहे. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने टिपून घेणाऱ्या आणि नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिणाऱ्या गुरुजींचे नाव तुरुंगाच्याच रस्त्याला मिळावे, हा योगायोग बोलका आहे. मात्र त्या रस्त्यावरील कारागृह लोकांच्या तोंडी अद्याप 'आर्थर रोड'च राहिले आहे. ते १९२०च्या दशकात बांधले गेले. त्या वेळची मुंबई आज ओळखूही येणार नाही. तुरुंग मात्र जागच्या जागी आहे.

२०२० साली या कारागृहाची अधिकृत क्षमता ८०४ होती आणि आत अडीच हजारांहून अधिक माणसे होती. एकमेकांपासून दूर राहा, असे सरकार साऱ्या देशाला बजावीत असताना येथे कुशीवर वळायलाही शेजाऱ्याची परवानगी लागावी अशी अवस्था! व्हायचे तेच झाले. मे महिन्यात शंभराहून अधिक कैद्यांना करोनाची लागण झाली. तुरुंगाच्या कर्मचाऱ्यांनाही रोगाने सोडले नाही.

त्याआधी दोन वर्षे, जुलै २०१८ मध्ये, विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या खटल्यात लंडनच्या न्यायालयाने येथील बारा क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागविले होते. कोठडीत उजेड कितपत येतो, हे न्यायाधीशांना पाहावयाचे होते. एका धनाढ्याच्या कोठडीतील उन्हाची चौकशी सातासमुद्रापलीकडे झाली, याबद्दल आमची तक्रार नाही. शेजारच्या बराकींतील उजेडाची चौकशी मुंबईतच कोणी का करू नये, एवढेच आम्ही विचारतो.

'गुन्हेगारांसाठी एवढा खर्च कशाला?' असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकू येतो. या प्रश्नातच एक मोठी चूक दडलेली आहे. २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतातील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. आर्थर रोड तर मुख्यतः कच्च्या कैद्यांचाच तुरुंग आहे. ज्यांचा अपराध शाबीत व्हावयाचा आहे आणि ज्यांतील कित्येक उद्या निर्दोष सुटतील, अशी ही माणसे. त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार न्यायालयाने अजून कोणालाही दिलेला नाही.

अर्थात, केवळ नव्या भिंतींनी गर्दी हटत नाही. मोतीराम नावाच्या गवंड्याला मागितलेला दहा हजारांचा जामीन आणि त्याच्या भावाची मालमत्ता परजिल्ह्यात आहे म्हणून नाकारलेली हमी, या दोन्ही गोष्टी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच अन्याय्य ठरविल्या. तरीही जामीन मंजूर होऊन जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहणारे गरीब आजही आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने काही अपवाद वगळता, प्रथमच आरोपी झालेल्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर सोडण्याची तरतूद केली आहे. ती कसोशीने अमलात आणली नाही, तर नवा तुरुंगही भरायला वेळ लागणार नाही.

तथापि, या सबबीवर जुनी वास्तू चालू ठेवणे आम्हाला मान्य नाही. नवे कारागृह मुंबईतच हवे. मानखुर्दला ते उभारण्याचा मनोदय सरकारने पूर्वी बोलून दाखविलाही होता. कच्च्या कैद्याला तारखेस न्यायालयात न्यावे लागते, वकिलाने त्याला भेटावे लागते आणि त्याची म्हातारी आई रोजंदारी बुडवून भेटीला येते. तुरुंग शहराबाहेर पन्नास मैलांवर नेला, तर या तिन्ही गोष्टी दुरावतील. स्वस्त जमिनीचा मोह येथे महागात पडेल.

आता राहिली जुन्या जागेची गोष्ट. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, हे याच परिसराने डोळ्यांदेखत पाहिले आहे. कारागृह हलले की या भूखंडावरही टोलेजंग मनोरे उठतील, ही रहिवाशांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही. तुरुंग हा राज्य सरकारच्या अखत्यारीतील विषय आहे. तेव्हा नव्या कारागृहाची जागा, त्याची क्षमता आणि जुने बंद करण्याची तारीख सरकारने विधिमंडळात एकाच वेळी जाहीर करावी. आणि मोकळी होणारी जमीन सार्वजनिक कामासाठीच राखली जाईल, हे त्याच निवेदनात लिहून द्यावे.