जुन्या मोबाईलची बॅटरी आणि गोव्याचा उन्हाळा

पेडणे असो वा डिचोली, गोव्याच्या खेड्यापाड्यांत मोबाईल ही आज चैनीची वस्तू राहिलेली नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे किंवा गृह आधार योजनेचे पैसे बँकेत जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो. सरकारी कामासाठी लागणारा ओटीपी त्यावरच येतो. बाजारातील देणेघेणे त्यावरून होते आणि रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्याचे साधनही तेच असते. असा मोबाईल दोन-तीन वर्षे वापरात राहिला, की फाल्गुन-चैत्राच्या सुमारास त्याच्याविषयी तक्रारी ऐकू येऊ लागतात. सकाळी पूर्ण चार्ज केलेला मोबाईल दुपारीच संपतो. वीस टक्के शिल्लक दिसत असतानाच एकाएकी बंद पडतो. संपूर्ण यंत्रच बिघडले अशी समजूत करून घेऊन पुष्कळजण नवा मोबाईल विकत घेतात. वस्तुतः बहुतेक वेळा बॅटरी तेवढी म्हातारी झालेली असते, आणि तिला हे म्हातारपण अकाली आणण्यात उष्णतेचा मोठा वाटा असतो. त्यामागील शास्त्र समजून घेतले तर हा खर्च लांबणीवर टाकता येतो.

बॅटरीत काय घडते?

आजच्या मोबाईलमधील बॅटरी लिथियम-आयन या जातीची असते. सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आणली. या बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तिच्यात ग्राफाइटचे ऋणाग्र आणि लिथियमयुक्त ऑक्साइडचे धनाग्र अशी दोन अग्रे असून त्यांच्यामध्ये एक सेंद्रिय द्रव असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युत्भारित कण, धनाग्राकडून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. मोबाईल वापरताना ते परत धनाग्राकडे येतात. कणांच्या या ये-जा करण्यावरच मोबाईल चालतो.

हा व्यवहार मात्र बिनतोट्याचा नसतो. ऋणाग्र व द्रव यांचा जेथे स्पर्श होतो तेथे एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो. तो आवश्यकच असतो; तो नसता तर द्रवाचे विघटन अखंड चालू राहिले असते. परंतु काळाबरोबर हा पापुद्रा जाड होत जातो आणि जाड होताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. याचे परिणाम दोन. पहिला, ये-जा करणारे लिथियम घटल्याने बॅटरीची साठवणशक्ती कमी होते. दुसरा, कणांच्या मार्गात अडथळा वाढतो. यालाच अंतर्गत रोध म्हणतात.

पडद्यावर दिसणाऱ्या टक्क्यांचा अर्थ येथे ध्यानात घेतला पाहिजे. गाळ साचलेली तळी काठोकाठ भरली तरी पूर्वीइतके पाणी तिच्यात मावत नाही. त्याचप्रमाणे जुन्या बॅटरीचे शंभर टक्के म्हणजे नव्या बॅटरीचे शंभर टक्के नव्हेत. शिवाय अंतर्गत रोध वाढलेला असताना कॅमेरा सुरू करण्यासारख्या कामासाठी एकदम जास्त प्रवाह मागितला गेला, तर बॅटरीचे व्होल्टेज झपाट्याने खाली येते आणि मोबाईल बंद होतो. वीस टक्के शिल्लक असतानाही तो का बंद पडतो, याचे कारण बहुधा हेच असते.

उष्णता कोणते काम करते?

तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले, की रासायनिक क्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम आहे. उन्हाळ्यात इडलीचे पीठ लवकर आंबते हा घरोघरचा अनुभव आहे. बॅटरीतील पापुद्रा जाड होण्याची क्रियाही उष्णतेने अशीच वेग घेते.

गंमत अशी, की ऊब मिळाली असता बॅटरीतील कण त्या वेळेपुरते अधिक सुलभपणे हालचाल करतात. म्हणून तापलेली बॅटरी त्या क्षणी दुबळी भासत नाही. नुकसान आत चालू असते आणि ते काही महिन्यांनी उघडकीस येते. एकदा गेलेली साठवणशक्ती थंडी पडली तरी परत येत नाही.

उष्णतेला पूर्ण चार्जची जोड मिळाली, तर हानी आणखी वाढते. अशा बॅटऱ्यांविषयीचे सर्वसाधारण आकडे बोलके आहेत. चाळीस टक्के चार्ज केलेली बॅटरी २५ अंश तापमानात वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे ९६ टक्के शक्ती टिकते. तीच पूर्ण चार्ज करून ४० अंश तापमानात वर्षभर ठेवली, तर सुमारे ६५ टक्केच उरते. येथे मोबाईल वापरलेलाही नाही. म्हणजे वापराने जशी बॅटरी झिजते, तशीच ती नुसती तापत पडून राहिल्यानेही झिजते.

गोव्याच्या हवेचे वैशिष्ट्य

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तसा गोव्यात चढत नाही. येथील उन्हाळ्यातील कमाल तापमान सर्वसाधारणपणे ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असते. मात्र लाट आली तर ते याहून वाढते. २०२३ च्या मार्चमध्ये उष्म्याच्या लाटेमुळे ९ व १० तारखेला राज्यातील शाळा दुपारपूर्वी सोडण्याचा आदेश देण्यात आला होता. परंतु बॅटरीच्या दृष्टीने गोव्याची खरी अडचण निराळी आहे. येथे थंडीचा मोसम जवळजवळ नाहीच. जानेवारीतही दिवसाचे तापमान ३० अंशांच्या वर जाते, आणि एप्रिल-मेमध्ये रात्रही उबदारच असते. त्यामुळे बॅटरीला वर्षभर विसावा असा मिळत नाही.

मोबाईल ० ते ३५ अंश तापमानाच्या हवेत वापरावा, असे काही प्रमुख उत्पादक सांगतात. गोव्याचा उन्हाळा या मर्यादेच्या उंबरठ्यावरच असतो. त्यातच चार्ज होताना मोबाईल स्वतःही तापतो. दुपारी पत्र्याच्या छपराखाली, फेणीच्या भट्टीशेजारी किंवा दुचाकीच्या हँडलवर उन्हात ठेवलेला मोबाईल ही मर्यादा सहज ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील हवा तर ५० अंशांच्याही वर जाऊ शकते.

दमट हवेमुळे माणसाला उकाडा अधिक जाणवतो, कारण घाम सुकत नाही. मोबाईलला घाम येत नसल्याने दमटपणाने त्याचे तापणे वाढत नाही. त्याला प्रश्न असतो तो तापमानाचा.

उन्हाळ्यात बॅटरी लवकर संपण्यास आणखीही कारणे आहेत. उन्हात पडदा दिसावा म्हणून त्याचा प्रकाश वाढतो. डोंगराच्या कुशीतील वाड्यांवर रेंज कमी असेल, तर मनोऱ्याशी संपर्क राखण्यासाठी मोबाईलला अधिक शक्ती खर्च करावी लागते. तापलेल्या चिपमधून विजेची गळतीही वाढते. जुन्या बॅटरीत अंतर्गत रोध अधिक असल्याने शक्तीचा काही भाग आतल्या आत उष्णतेच्या रूपाने वाया जातो. त्या उष्णतेने बॅटरी आणखी म्हातारी होते आणि म्हातारपणाने उष्णता आणखी वाढते. हे दुष्टचक्र तोडणे वापरणाऱ्याच्या हाती आहे.

घ्यावयाची काळजी

१. मोबाईल चार्ज करताना तो उशीखाली किंवा अंथरुणात ठेवू नये. फरशीवर किंवा लाकडी मेजावर, वारा लागेल असा ठेवावा. जाड आवरण असल्यास त्या वेळेपुरते काढावे.

२. भर दुपारी चार्ज करण्याऐवजी पहाटे किंवा रात्री गारवा आल्यावर करावे. चार्जिंग चालू असताना चित्रपट पाहणे वा खेळ खेळणे टाळावे.

३. रोज शंभर टक्के भरण्याचा आग्रह धरू नये. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेली बॅटरी अधिक काळ टिकते. अलीकडच्या अनेक मोबाईलमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते. ती सुरू करून घ्यावी. वादळवाऱ्यात वीज जाण्याची शक्यता असेल किंवा घरात आजारी माणूस असेल, तेव्हा मात्र पूर्ण चार्ज करण्यास हरकत नाही.

४. तापलेला मोबाईल फ्रिजमध्ये कदापि ठेवू नये. थंड झालेला मोबाईल बाहेर काढताच गोव्याच्या दमट हवेतील बाष्प त्याच्यावर व आत साचते आणि भाग गंजतात. तो सावलीत, पंख्याखाली आपोआप निवू द्यावा.

५. शाळा व कार्यालयांतील मोबाईल सुट्टीत पडून राहणार असतील, तर ते निम्मे चार्ज करून, बंद करून, गार जागी ठेवावेत.

बॅटरी केव्हा बदलावी?

मूळ साठवणशक्तीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरलेली बॅटरी बदलण्याजोगी झाली असे सामान्यतः मानले जाते. अनेक मोबाईलच्या सेटिंगमध्ये हा आकडा पाहता येतो. बाकी मोबाईल चांगला असेल, तर केवळ बॅटरी बदलून तो आणखी काही वर्षे चालतो. नवी बॅटरी घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीची खूण आणि आय.एस. १६०४६ हा मानक क्रमांक पाहून घ्यावा.

बॅटरी फुगून मोबाईलची पाठ किंवा पडदा वर आला असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी. आत वायू जमलेला असतो. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये व पुन्हा चार्ज करू नये. तिला आग लागू शकते. मोबाईल बंद करून जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा.

जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकणे किंवा परसात जाळणे हेही तितकेच घातक आहे. केंद्र शासनाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले असून, वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नागरिकांनी त्या विक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलन केंद्राकडे द्याव्यात.

गोव्याचा उन्हाळा कोणाला बदलता येणार नाही. परंतु मोबाईल उन्हातून सावलीत नेण्यास पैसा लागत नाही. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि निवृत्तिवेतनाच्या संदेशापासून रुग्णवाहिकेपर्यंत सारे त्याच्यावरच अवलंबून आहे, त्या घराने तर एवढी दक्षता अवश्य घ्यावी. शिक्षकांनी हा विषय रसायनशास्त्राच्या तासाला उदाहरण म्हणून घेतल्यास ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचेल.