मुलगी सर्जरी घेते म्हणाली तर…

मुलीचा एम.बी.बी.एस.ला नंबर लागला की वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो आणि घरच्यांना वाटते, पोरगी डॉक्टर झाली, चिंता मिटली. खरी चिंता पुढे उभी राहते. साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर वर्षभराची बंधपत्राची नोकरी आणि मग नीट पीजीची परीक्षा. निकाल लागल्यावर शाखांचा पसंतीक्रम भरायला हातात मोजके दिवस असतात. त्या दिवसांत मुलगी म्हणते, "मला सर्जरी घ्यायची." आणि घर गप्प होते.

आमचे देऊळगाव राजा तालुक्याचे गाव. आमच्यासारख्या कारकुनाकडे लोक शिष्यवृत्तीचे, जातपडताळणीचे फॉर्म भरून घ्यायला येतात आणि त्या निमित्ताने घरातले बोलणे कानावर पडते. आई म्हणते, "बाईमाणसानं कापाकापी कशाला करावी? बायकांची डॉक्टर हो." वडील म्हणतात, "मग लग्न कधी?" दोघांची माया खोटी नाही. हिशोब मात्र तपासून पाहिला पाहिजे.

'बायकांची डॉक्टर' हा निवांत रस्ता आहे, ही समजूत साफ चुकीची आहे. स्त्रीरोग व प्रसूती ही शस्त्रक्रियेचीच शाखा, तिची पदवीही एम.एस.च. सिझेरियन, गर्भपिशवी काढणे ही ऑपरेशनेच आहेत, आणि बाळंतपण घड्याळ पाहून येत नाही. उलट डोळ्यांची शाखा किंवा कान-नाक-घसा, याही एम.एस.च, पण तिथली बहुतेक ऑपरेशने आधी ठरवून दिवसा होतात. जनरल सर्जरीत अपघात, फुटलेले अपेंडिक्स, आतड्याला पडलेले छिद्र हे सारे अवेळीच दारात येते. भूलतज्ज्ञाला स्वतःचा वॉर्ड नसतो, तरी थिएटर उघडले की त्याला उठावेच लागते. म्हणजे 'सर्जरी नको' म्हणून प्रसूतिशास्त्र भरायला लावणाऱ्या आईबापांनी मुलीच्या रात्री वाचवल्या नाहीत, फक्त तिची आवड मोडली.

आता लग्नाचे. अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेली मुलगी एम.एस. होईपर्यंत अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची होते. पुढे हृदयाची, मेंदूची किंवा प्लास्टिक सर्जरी करायची तर एम.सीएच.ची आणखी तीन वर्षे. (तिथे सर्वसाधारण जागांवर जातीचे आरक्षण नाही, हेही आपल्या माणसांना आधी माहीत असावे.) नेमकी हीच वर्षे लग्नाची आणि मूल होण्याची. यात सर्वांत अवघड ते एम.एस.चे पहिले वर्ष. ड्रेसिंग, रक्ताचे नमुने, इमर्जन्सी, सिनियरांच्या हाताखाली तासन् तास उभे राहणे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिली होती. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, अशी शिफारस केली. बत्तीस वर्षांनी शिफारसच ७४ ची येते, यावरून वॉर्डात काय चालत असेल ते वाचकांनी ओळखावे. बाळंतपणाची रजा मिळते, पण तेवढे दिवस शिक्षण पुढे जाते. लग्न ठरवताना हे मुलाकडच्यांना स्पष्ट सांगावे. ऐकून जे स्थळ परत जाईल, ते गेलेलेच बरे.

इथे एक गोष्ट आपल्या घराघरात माहीत असलेली. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला आणि १९२० साली लंडनला शिकायला गेले, तेव्हा हालअपेष्टा सोसून घर रमाईने ओढले. आपल्याकडे पुरुषाच्या शिक्षणासाठी सगळे घर पोटाला चिमटा घेते. मुलीच्या शिक्षणासाठी तिचा नवरा, सासू, दीर घर ओढतील का, एवढाच प्रश्न आहे.

दोघांनी मिळून शाखा आणि संसार जुळवल्याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. प्रकाश आमटे नागपुरात सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाला होते, मंदाकिनीताई भूलशास्त्राच्या. १९७२ साली लग्न झाले, १९७३ साली हेमलकसा. त्यांनी सर्जरीची पदवी अर्ध्यावर सोडली, पण सर्जन आणि भूल देणारी अशी जोडी जंगलात उपयोगी पडली आणि मुलेही तिथेच वाढली. सगळ्यांनी जंगलात जावे असे आमचे म्हणणे नाही. पण एकटा सर्जन तालुक्याला अर्धाच असतो. भूल देणारा नसेल तर सुरी हातात घेता येत नाही. आमच्याकडे रात्री पेशंट अडला की गाडी जालन्याकडे पळते, कारण बुलडाण्यापेक्षा जालना जवळ.

आणखी एक विषय टाळता येत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग शाखेची निवासी डॉक्टर, जळगावची आदिवासी कन्या पायल तडवी हिने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याची तक्रार कुटुंबाने केली, तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. म्हणून पसंतीक्रम भरताना शाखेइतकीच त्या युनिटची चौकशी करावी. आपल्या आधी तिथे शिकलेल्या मुलींना फोन करावा. सिनियर कसे बोलतात, रजा मिळते का, होस्टेल वॉर्डाजवळ आहे का, हे विचारण्यात लाज कसली? आणि मुलगी "मला इथं त्रास होतो" म्हणाली तर "सहन कर, सीट जाईल" हे शब्द तोंडातून निघू नयेत. तिच्यासोबत लेखी तक्रार द्यायला घरातल्या माणसाने स्वतः जावे.

बुलडाणा आणि जालना इथे २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यामुळे एम.बी.बी.एस. आता घराजवळ होईल. एम.एस.साठी मात्र छत्रपती संभाजीनगर, अकोला, नागपूर, मुंबई हीच वाट धरावी लागण्याची शक्यता जास्त. मुलगी गेली की पहिले वर्षभर तिचा फोन लागणार नाही, कारण ती थिएटरमध्ये असेल. दर तासाला रिंग देऊ नये. महिन्यातून एकदा घरातले कोणीतरी जाऊन यावे. जाताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी न्यावी, येताना तिचे मळके कपडे आणावेत. ती भेटली नाही तर डबा होस्टेलच्या वॉचमनकडे नाव लिहून ठेवावा.