लुगडं फाडून दुपटं: आखणी न करता शिवायला शिकताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. हा भाग असोद्याला आजीच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड केला होता, त्यामुळे ऐकताना मधे कोंबडा आणि ट्रॅक्टर येतात. इथे तो त्रास नाही.

विषय आहे ठिगळांची गोधडी. पण आधी कागदावर नक्षी काढून, मोजून, कापून शिवलेली नाही. हातात जे कापड आलं ते ठेवायचं, शिवायचं, आणि मग पुढचं कुठलं ते ठरवायचं. वरून थोडं हातानं भरतकाम. इंटरनेटवर याला मोठमोठी नावं आहेत. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "मंग गोधडी अजून कशी शिवता?"

झालं असं की ताईला मुलगी झाली. आमच्याकडे तान्ह्या बाळाला जुन्या सुती लुगड्याचं दुपटं लागतंच, म्हणजे छोटी, पातळ गोधडी. पूर्वी ते आजी शिवायची. आता तिचं वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थोडा थरथरतो. मी तेव्हा गावाहून काम करत होतो. म्हटलं, मी शिवतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे पहिली गोष्ट काय केली असेल? एक्सेल उघडलं. ९ गुणिले ९ असे ८१ चौकोन, प्रत्येक १० सेंटिमीटरचा, रंगांचा क्रम ठरलेला. टेलरकडून कात्रणांची पिशवी आणली, कात्रीनं कापलं, मशीनवर जोडलं. फोटो झकास आला. मग धुतलं, आणि त्याचा पापड झाला.

कारण साधं आहे, पण मला माहीत नव्हतं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं, पॉलिस्टर जवळपास आकसत नाही. समजा सुती चौकोन ५ टक्के आकसला, तर १० सेंटिमीटरमागे अर्धा सेंटिमीटर गेला. शेजारचा पॉलिस्टरचा चौकोन जिथल्या तिथे. मग दोघांच्या मधली शिवण ओढली जाते आणि कापडाला फुगवटे येतात. टेलरच्या पिशवीत काय सुती आणि काय नाही, हे मी बघितलंच नव्हतं. बघायची पद्धत सोपी आहे: कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरडणारी राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा काळपट कडक मणी होतो. (हे घरात पडद्याजवळ करू नका. मी सांगतोय म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या.)

उसवायला दोन शनिवार-रविवार गेले. ते बघून आजीनं पेटीतून एक नऊवारी लुगडं काढलं. कापसाला चांगला भाव आला त्या वर्षी आजोबांनी जळगावहून आणलेलं. आजोबा आता नाहीत. मी म्हटलं, हे नको, दुसरं बघू. आमच्या कामात काहीही बिघडलं तरी कालच्या आवृत्तीवर परत जाता येतं, त्या सवयीचा माणूस मी. फाडलेलं लुगडं कुठल्या आवृत्तीवर परत जाणार? आजी म्हणाली, "पेटीत ठिवून कसरीले खाऊ घालू का?"

मी कात्री घेतली, तर तीही ठेवायला लावली. तिनं काठाला दातानं छोटी चीर दिली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. अगदी सरळ रेषेत! सुती विणलेलं कापड फाडलं की चीर एकाच धाग्याच्या कडेनं जाते, त्यामुळे तुकडा आपोआप उभ्या-आडव्या धाग्यांना धरून निघतो. कात्री मात्र आपल्या डोळ्याच्या अंदाजानं चालते आणि नकळत तिरकी जाते. तिरकं कापलेलं कापड ताणलं की लांबतं, आणि लांबलेला तुकडा शिवला की पुन्हा फुगवटा. म्हणजे माझ्या ८१ चौकोनांत पॉलिस्टर नसतं, तरी गडबड झालीच असती.

आता हिशेब सांगतो, कारण तो मला आवडला. नऊ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर. लुगड्याचा पन्हा मीटरपेक्षा थोडा जास्त. दुपटं मीटरभर लांब-रुंद हवं, म्हणजे मधे जोड लागतच नाही. खालचे दोन पदर दोन मीटरमध्ये झाले, वरच्या ठिगळांसाठी अजून एक मीटर. गुडघ्याजवळ, बसण्याच्या जागी झिजलेला भाग आजीनं मधल्या पदरात घालायला लावला, धड कापड तळाला. काठ विणीनं घट्ट असतो, तो कडांना. ठिगळांत थोडी बाकीची कापडंही आली: बाबांचा जुना सदरा, ताईची शाळेतली ओढणी. सगळं जुनं, सगळं सुती, शंभरदा धुतलेलं, म्हणजे जे आकसायचं ते आधीच आकसून बसलेलं. बाळाला जुनंच कापड का, याचं निम्मं उत्तर मऊपणा आहे आणि निम्मं हे.

आता मुख्य गोष्ट. आखणी न करता शिवायचं म्हणजे वाट्टेल तसं शिवायचं, असं मला वाटत होतं. तसं नाहीये. यातली खरी युक्ती कामाच्या क्रमात आहे. माझ्या पहिल्या पद्धतीत वरचा थर आधी पूर्ण तयार होता, मग तो खालच्या पदरांवर ठेवून टाके घालायचे. तयार थर कुठे दोन बोटं मोठा निघाला, तर ते जास्तीचं कापड टाक्यांपुढे सरकत जातं आणि मधे गोळा होतं. आजीनं सांगितलं ते उलट होतं. कोपऱ्यापासून सुरू कर. एक ठिगळ ठेव, कड आत दुमड, सगळ्या पदरांतून धावदोरा घाल. मग शेजारचं. एक फेरी झाली की आतली फेरी, आधीच्या ठिगळांची उघडी कड झाकत. असं गोल गोल मध्यापर्यंत. म्हणजे नक्षी आणि शिवण एकाच वेळी होतात. कुठे कापड जास्त झालं, तर पुढचं ठिगळ लहान घ्यायचं, झोळ तिथल्या तिथे संपला. पुढचा तुकडा कुठला, हे खरं तर आत्ताचा टाका ठरवतो.

हुबेहूब हीच पद्धत उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूला, आपल्या सीमेपासून फार लांब नाही. हे मूळ आफ्रिकेतून आलेले लोक, त्यांच्या कोंकणी बोलीत गोधडीला कवंदी म्हणतात. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना कापडाची घडी घालून त्रिकोणी 'फुला' लावतात, त्याशिवाय ती पूर्ण धरत नाहीत. आणि तिकडे अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणातलं गाव आहे, गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांचं. तिथल्या बायकांच्या आखणीशिवायच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्यांतली मिसूरी पेटवे या बाईंची १९४२ सालची गोधडी मी पुन्हा पुन्हा बघतो. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची ती शिवली. गुडघ्यांवरचे फिके डाग तसेच ठेवलेत. लुगडं फाडताना माझा हात अडला होता, तेव्हा हिची खूप मदत झाली.

बाय द वे, असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. १८८० मध्ये इथे जन्मल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, घरा-शेतातलं काम करता करता कविता रचल्या. पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. एक्सेल घेऊन बसलेल्या मला बघून गावातले लोक का हसले असतील, ते आता कळतंय.

भरतकामात मी दुसऱ्यांदा तोंडावर पडलो. इंटरनेटवर 'क्रेझी क्विल्ट' बघितल्या होत्या. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानी वस्तू बघून अमेरिकेत ही लाट आली असं म्हणतात: वेड्यावाकड्या रेशमी-मखमली तुकड्यांच्या जोडांवर सगळीकडे भरतकाम. पण त्या दिवाणखान्यात मिरवायच्या वस्तू. मी हौसेनं आभलेही लावले, आपल्या बंजारा तांड्यांवरच्या बायकांच्या कपड्यांवर असतात तसे. आजीनं दुपट्यावरून तळहात फिरवला आणि सगळे काढायला लावले. बाळ तोंडात घालतं. मग गाठी. भरतकामाची गाठ वर आली की ती बाळाच्या पाठीला टोचते, म्हणून गाठ मारायची ती दोन पदरांच्या मधे ओढून घ्यायची. आणि टाका तांदळाच्या दाण्याएवढाच, लांब ठेवला की पायाची बोटं अडकतात. तिनं स्वतः हौसेनं एक ओळ घातली होती, तिचे टाके लांब झाले होते. ती मी तशीच ठेवणार होतो, आठवण म्हणून. तिनं ती उसवायला लावली.

मग भरतकाम उरलं कशाला? जिथे त्याला काम आहे तिथे. तळहातापेक्षा मोठं ठिगळ मधे उचललं जातं, तिथे साखळी टाक्याचं एक फूल, सगळ्या पदरांतून. ओढणीला भोक होतं, त्याच्या कडेनं काज टाका. बास. आणि गंमत म्हणजे तेच दिसायला छान झालं. अँकरची लच्छी सहा पदरी असते, त्यातले तीनच पदर घ्या. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंता. लाल किंवा गडद कापड असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा, रंग लागला तर ते ठिगळ बाद.

वेळेची कल्पना यावी म्हणून: एक चौरस मीटर, ओळींमधे दीड सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६७ मीटर धावदोरा. दाण्याएवढा टाका आणि तेवढीच मोकळी जागा धरली, तर साडेपाच हजारांच्या आसपास टाके. मला रोज संध्याकाळी बसून दीड महिना लागला, शेवटचे पंधरा दिवस पुण्यात. कुठे झोळ आलाय ते मला दिसायचं नाही, आजी डोळे मिटून हातानं सांगायची. पुण्यात मी तेच करायला लागलो, दिवा बंद करून. रूममेटला वाटलं वीज गेली.

दुपटं आता ताईकडे आहे. भाची नऊ महिन्यांची झाली, तिनं ओढून ओढून बाबांच्या सदऱ्याचं ठिगळ एका कोपऱ्यात उसवलंय. पुढच्या खेपेला त्यावर अजून एक चढवीन. लुगड्याचं पाच मीटर कापड शिल्लक आहे, ते आजीनं पुन्हा पेटीत ठेवलंय. कुणासाठी, असं विचारलं की ती माझ्या लग्नाचा विषय काढते, म्हणून मी विचारत नाही.

तुमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात की आणखी काही, आणि टाके कोपऱ्यापासून घालतात की सरळ ओळीत, ते व्हॉइस नोट करून पाठवा. चला, भेटू.