घराच्या विजेची पाहणी

पीकपाहणी चावडींत बसूनही लिहितां येते, हें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या आम्हांस पुरतें ठाऊक आहे; आणि तशी लिहिलेली पाहणी बांधाच्या तंट्यांत कशी उघडी पडते, हेंही आम्हीं पाहिलें आहे. गतवर्षीं तोच प्रकार कामशेत येथील आमच्या राहत्या घराविषयीं घडला, म्हणून हा लेख.

छपरावर सौर संच बसविणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माणूस आला. ओटीवर चहा घेतला, विजेचें बिल पाहिलें, आणि अर्ध्या घटकेंत 'घराचा ऊर्जा-अहवाल' म्हणून छापील कागद हातीं दिला. त्यांत सर्व छप्पर सिमेंटचें लिहिलें होतें. वस्तुतः आमचे मागील दोन खण अद्याप पत्र्याचे आहेत. पण मागें जाण्याची तसदी त्यानें घेतली नव्हती. संच तीन किलोवॅटचा सुचविला होता. एक किलोवॅटपासून दिवसास सुमारें चार युनिटें मिळतात. आमचा खप महिन्यास सव्वाशें युनिटें. म्हणजे एक किलोवॅटनें भागत होतें. परंतु २०२४ सालीं सुरू झालेल्या सूर्यघर योजनेचें अनुदान एका किलोवॅटास तीस हजार व तिहींस अठ्ठ्याहत्तर हजार रुपये आहे, आणि तीनहून पुढें वाढत नाहीं. तीनाचा आंकडा कोठून आला, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

विलायतेंत हें काम निराळ्या रीतीनें चालतें. तेथें २००७ पासून घर विकतांना त्याचें ऊर्जा-प्रमाणपत्र लागूं झालें. परीक्षा देऊन नेमलेला पाहणीदार घरीं येतो, खोल्यांचें माप घेतो, भिंती, खिडक्या, माळा व पाणी तापविण्याचें यंत्र पाहतो आणि सात प्रतींपैकीं एक प्रत ठरवितो. जमिनीची प्रतबंदी जाणणाऱ्यांस हें नवें वाटणार नाहीं. कागद दहा वर्षें चालतो व त्यावर पाहणीदाराचें नांव असतें. तिकडे भाड्यानें राहणाऱ्या आपल्या मुलांस तो परिचित असेल. कारण २०१८ च्या एप्रिलपासून पांचव्या प्रतीखालील घर नव्यानें भाड्यानें देण्यास बंदी झाली.

आपल्याकडे शीतकपाटावरील तारे सर्वांस माहीत आहेत. ते देणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २०१८ च्या डिसेंबरांत राहत्या इमारतींसाठीं 'इको निवास संहिता' काढली. ती पांचशें चौरस मीटर, म्हणजे सुमारें पांच गुंठे, व त्याहून मोठ्या जागेवरील बांधकामास उद्देशून आहे. आपल्या लहान घरास प्रमाणपत्राची सक्ती नाहीं. तथापि तिचे दोन नियम घर बांधणाऱ्यानें गवंड्यास अवश्य सांगावे. दमट उष्ण मुलखांत उघडणाऱ्या दारां-खिडक्यांचें क्षेत्र जमिनीच्या एकषष्ठांशाहून कमी नसावें; आणि छपरांतून उष्णता उतरण्याची मर्यादा संहितेनें १.२ ठेविली आहे. उघडा स्लॅब या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आंत सोडतो. मंगलोरी कौलें उतरवून स्लॅब घातलेल्या आमच्या गांवच्या घरांत वैशाखांत माडीवर निजवत नाहीं, याचें कारण हेंच.

तो कागद बाजूस ठेवून आम्हीं स्वतःच पाहणी केली. भर दुपारीं माडीवर ३८ अंश व ओटीवर ३३ अंश भरले. जुना पंखा ७५ वॅटचा. बारा तास फिरल्यास दिवसास जवळजवळ एक युनिट खातो. नव्या जातीचा पंखा ३० वॅटांत तेंच काम करितो. पंखे दोन बदलले. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिला; मात्र मावळचा पाऊस तो धुऊन नेतो, सबब दरसाल फाल्गुनांत द्यावा लागेल. (याच पावसाची वीज १९१५ पासून खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांस गेली, आणि आम्ही तिच्या उशाशीं बसून घामाघूम होतों!) इतक्यानें खप सव्वाशेंवरून शंभराच्या आंत आला.

सौर संच आम्ही घेणार आहों, पण एक किलोवॅटचा. आणि माप घेणारा माणूस विकणाऱ्याच्या पदरचा नसावा, ही अट घातली आहे. पत्र्याच्या खणांस तक्तपोशी करण्याचें काम सुताराकडे दिलें आहे. तेथील अंश येत्या वैशाखांत मोजून याच मासिकांत कळवूं.