दारू सोडवणारं औषध ऑनलाइन शोधताय? आधी डॉक्टर शोधा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मुलं झोपलीत. नवरा बाहेरच्या खोलीत सोफ्यावरच आडवा झालाय, पायातले बूटही काढलेले नाहीत. तुम्ही मोबाइलवर हळूच टाइप करता, 'दारू सोडवण्याचं औषध'. लगेच जाहिराती समोर येतात. चव नाही, वास नाही, भाजीत मिसळा, पिणाऱ्याला कळणारही नाही. घरपोच मिळेल, पैसे नंतर द्या.

ऑर्डर करण्याआधी थोडं थांबा. याच मोबाइलवर खरा डॉक्टरही भेटतो. पण त्याच्या उपचारात पहिली अट असते ती पिणाऱ्याला सगळं कळण्याची.

लपून औषध का देऊ नये?

अशा पुडीत नेमकं काय आहे हे तुम्हाला सांगणारं कोणी नसतं. त्यात डायसल्फिराम असेल तर धोका मोठा आहे. हे औषध पोटात असताना दारू प्यायली, की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्याच्या जिवावरही बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. 'आता प्यायलो तर त्रास होईल' हे माणसाला ठाऊक असतं, म्हणून तो ग्लासपासून लांब राहतो. त्याला माहीतच नसेल, तर तो नेहमीसारखा पिणार. शिवाय एक दिवस हे उघड झालं, की तो घरच्या जेवणावरही विश्वास ठेवणार नाही.

हा आजार आहे

'मनात आणलं तर सोडता येते,' असं आपण सहज म्हणतो. पण दारूचं अवलंबित्व हा मेंदूशी निगडित आजार आहे आणि त्यावर औषधं आहेत. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. बाकीचे लाजेपोटी, लोक काय म्हणतील या भीतीपोटी किंवा जवळ डॉक्टर नाही म्हणून तसेच राहतात. ऑनलाइन तपासणीचा उपयोग इथेच होतो. दवाखान्याबाहेर ओळखीचं कोणी भेटेल, ही धास्ती राहत नाही.

तपासणी कशी होते?

ऑनलाइन उपचारांसाठी केंद्र सरकारची नियमावली २५ मार्च २०२० रोजी आली. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर रुग्णाला तपासून औषध लिहून देऊ शकतात. शक्यतो मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. ते विचारतील, रोज किती पिता, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, कधी फिट आली होती का, इतर कोणती औषधं चालू आहेत. उत्तरं खरी द्या. यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या बहुधा करायला सांगतील. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहा. प्रश्न न विचारताच औषध पाठवणाऱ्यापासून दूर राहा.

कोणती औषधं देतात?

नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. दारू पूर्ण सुटण्याआधीही ते सुरू करता येतं. मात्र ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चालू असेल, तर ते चालत नाही. अकॅम्प्रोसेट दारू सोडल्यानंतर पुन्हा तिकडे न वळण्यासाठी मदत करतं. ते दिवसातून तीनदा घ्यावं लागतं आणि मूत्रपिंड ठीक असावं लागतं. डायसल्फिरामही देतात, पण रुग्णाच्या संमतीनेच आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास उलटल्यावर. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या घरी आणू नका.

कधी ऑनलाइनवर थांबू नये?

हे नीट लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडणं धोक्याचं असतं. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, असंबद्ध बोलणं, ताप अशी लक्षणं दिसू शकतात. तेव्हा 'आजपासून बाटली बंद' असं फर्मान काढू नका. पूर्वी फिट आली असेल, कावीळ असेल किंवा सकाळची सुरुवातच दारूने होत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. या काळात लागणाऱ्या गुंगीच्या गोळ्या ऑनलाइन लिहून देण्यावर तशीही कडक बंधनं आहेत. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर १०८ला फोन करा.

सुरुवात कशी कराल?

सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो. तो अजून तयार नसेल, तर तुम्ही स्वतःसाठी फोन करा. घरच्यांनाही आधार लागतो. औषधासोबत समुपदेशन हवंच. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतात.

पिणारे तुम्ही स्वतःच असाल, पुरुष असा वा स्त्री, तर हेच क्रमांक तुमच्यासाठीही आहेत.

आज रात्री मोबाइल ठेवून झोपा. उद्या सकाळी, तो शुद्धीवर असताना, चहाचा कप पुढे करून एवढंच म्हणा, "मी डॉक्टरांची वेळ घेते, तू माझ्या शेजारी बसशील?" पहिल्या दिवशी कदाचित तो नाही म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा विचारा.