हलका पाइप शोधताय? आधी पाण्याचं वजन करा!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या खरेदीचा हिशेब पाहिला. आज त्यातलीच एक वस्तू घेऊ : झाडांना पाणी घालायचा पाइप. कळंबला तुमचं होमस्टे असेल, छोटी नर्सरी असेल किंवा केळी-फुलांची वाडी असेल, तर ही वस्तू रोज हातात येते. पण ती घेताना आपण फारसा विचार करत नाही.

दुकानात आपण काय करतो? गुंडाळी उचलून बघतो, हलकी लागली की पैसे देतो. इथेच फसतो. कारण दुकानात पाइप रिकामा असतो, वाडीत तो भरलेला असतो.

साधं गणित करा. ३० मीटर लांबीच्या अर्धा इंची पाइपात जवळपास ३.८ लिटर पाणी मावतं, म्हणजे ३.८ किलो. पाऊण इंचीत साडेआठ किलो, एक इंचीत १५ किलो. पाइपाचं स्वतःचं वजन वेगळं. हे ओझं रोज सकाळ-संध्याकाळ कोण ओढतं? बहुतेक वेळा तुमची आई किंवा कामाला येणाऱ्या ताई. मे महिन्यात पाहुण्यांची गर्दी असताना त्यांची कंबर धरली, तर झाडं आणि धंदा दोन्ही अडतात.

मग सरसकट अर्धा इंची घ्यायचा का? तसंही नाही. घरावरच्या टाकीतून पाणी उतरत असेल तर दाब कमी असतो. लांब आणि बारीक पाइपातून धार आणखी मंदावते. वजन वाचतं, पण वेळ जातो.

आता टिकण्याचं बघू. आपल्या किनाऱ्यावर पाइपाचे तीन शत्रू आहेत : ऊन, वाळू आणि खारा वारा.

• उन्हाने साधा पीव्हीसी पाइप कडक होतो, मग दुमडतो त्याच जागी चिरतो. मधल्या थरात धाग्याची जाळी असलेला पाइप घ्या. दुकानात त्याला ‘ब्रेडेड’ म्हणतात.
• पाइप दुमडून बघा. सोडल्यावर लगेच गोल झाला पाहिजे. कापलेल्या टोकाला भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी.
• पाणी सोडल्यावर लांब होणारे कापडी पाइप खूप हलके असतात. बाल्कनीला ठीक. वाळूत आणि काट्यांत ओढायला नकोत.
• लोखंडी क्लिप खाऱ्या हवेत गंजते. क्लिप स्टेनलेस स्टीलची आणि जोड पितळी घ्या.

आता पैशांकडे येऊ. समजा, साधा पाइप ९०० रुपयांचा आणि सहा महिने टिकला, तर महिन्याला १५० रुपये पडले. जाळीचा २,१०० रुपयांचा आणि तीन वर्षं टिकला, तर महिन्याला ५८ रुपये. शिवाय गाठी सोडवण्यात रोज १० मिनिटं गेली, तर महिन्याला पाच तास गेले. ती मजुरीसुद्धा पाइपाच्याच खात्यावर लिहा.

पण खरी युक्ती वेगळीच आहे. लांब पाइप घेऊच नका! विहिरीपासून किंवा टाकीपासून जमिनीखालून पाऊण किंवा एक इंची पक्की लाइन टाका आणि सोयीच्या दोन-तीन जागी नळ काढा. मग १० मीटरचा अर्धा इंची पाइप पुरतो. त्यात पाणी जेमतेम सव्वा किलो. मोठं वजन जमिनीत राहिलं, हातात फक्त शेवटचा तुकडा आला. धारही चांगली मिळते, कारण बारीक पाइपाचं अंतर कमी झालं.

दोन सवयी लावा. मोटर चालू असताना पुढचा नोझल बंद करून ठेवू नका, सगळा दाब पाइपावर येतो. आणि काम झालं की पाणी काढून, पाइप सैल गुंडाळून सावलीत ठेवा. खिळ्याला टांगू नका, तिथेच तो मोडतो. जुन्या टायरवर किंवा रुंद खुंटीवर ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ : उद्या सकाळी भरलेला पाइप स्वतः ओढत शेवटच्या झाडापर्यंत न्या. १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात तेही मोजा. हे दोन अनुभव वहीत लिहा आणि मगच दुकानात जा. जी वस्तू दुसऱ्याच्या हातात रोज द्यायची, ती आधी आपल्या हाताने वापरून बघणं, हाच मालकाचा पहिला धडा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!