साठी, बुद्धी आणि राखेखालचा विस्तव

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने कोणी प्रथम उच्चारली, तो गृहस्थ स्वतः साठीच्या बराच अलीकडचा असला पाहिजे. म्हातारपणाच्या विसराळूपणाला आपल्या भाषेत शब्दांची वाण कधीच पडली नाही. म्हातारचळ आहे, भ्रमिष्टपणा आहे, 'चळ लागला' आहे. आणि म्हातारा मुद्दामच करतो अशी शंका आली, तर 'वेड पांघरून पेडगावला' जाण्याची सोयही आहे. या सगळ्या शब्दांच्या मुळाशी एकच समजूत आहे. केस पिकतात तशी बुद्धीही पिकते आणि गळते. त्यात नवल नाही आणि त्याला इलाजही नाही. भाषेचा अध्यापक या नात्याने मला म्हणींविषयी ममत्व आहे. पण या एका म्हणीने घरोघर जेवढे नुकसान केले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही म्हणीने केले नसेल.

आमच्या वर्तकनगरातून सकाळी उपवन तलावाकडे फिरायला जाणाऱ्या मंडळींची बोलणी ऐकावीत. गुडघे, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू या विषयांवर तेथे मोकळेपणी चर्चा चालते, औषधांच्या गोळ्यांची नावे देखील तोंडपाठ असतात. पण सासूबाई सुनेवर बांगड्या चोरल्याचा आळ घेतात, वडील बँकेत जाऊन तेच पैसे दोनदा काढतात, हे मात्र कोणी सांगत नाही. गुडघा हा गुडघ्याचा दोष. विसरणे मात्र माणसाचा, किंवा घराण्याचा, दोष समजला जातो. आणि ज्या सुनेवर आळ येतो, तिची बाजू तर कोणीच विचारीत नाही. देशभर केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साठीच्या पुढील शंभर भारतीयांपैकी सात-साडेसातजणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. उरलेल्या ब्याण्णवांना तो नाही, हेही याच आकड्यात आले. साठी ही काही बुद्धी नाठी होण्याची तारीख नव्हे.

१९०१ साली आपल्या ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या अशाच एका इस्पितळात ऑगुस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली. नवऱ्यावर तिचा भलताच संशय, वस्तू लपवून ठेवण्याची खोड, आणि नवऱ्याचे नाव विचारले तर ती सांगे स्वतःचेच. तिचे वय होते अवघे एकावन्न! साठीला अजून नऊ वर्षे होती. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्याशी रोज बोलत आणि तिची उत्तरे बारकाईने टिपून ठेवीत. १९०६ च्या एप्रिलात ती वारली, तेव्हा म्युनिकला गेलेल्या अल्झायमरांनी तिचा मेंदू मागवून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर त्यांना जागोजागी दातांवर चढते तसले किटण दिसले. आणि पेशींच्या आत, बायका फणीतून काढतात तसली गुंतवळ. त्याच नोव्हेंबरात ट्युबिंगेन येथे भरलेल्या डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे सांगितले, तेव्हा एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही. चार वर्षांनी या विकाराला त्यांचे नाव मिळाले.

पुढची शंभर वर्षे संशोधकांचे बहुतेक लक्ष त्या किटणावर आणि गुंतवळीवर खिळून राहिले. अल्झायमरांनी आणखीही एक गोष्ट टिपली होती. मज्जापेशींना आधार देणाऱ्या भोवतालच्या पेशींतही बदल झालेला होता. तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. अलीकडच्या संशोधनाचा रोख नेमका तिकडे वळला आहे.

या भोवतालच्या पेशींत एक जात गस्तवाल्यांची आहे. पीओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली तिला 'मायक्रोग्लिया' हे नाव दिले. आपल्या सोसायटीतला वॉचमन करतो तेच काम या पेशी मेंदूत करतात. फेरी मारायची, कचरा उचलायचा, चोर दिसला तर शिटी फुंकायची. जोवर वॉचमन शहाणा आहे तोवर सर्व ठीक. परंतु रात्रंदिवस शिटीच ऐकून बिथरलेला वॉचमन पानाच्या सळसळीवरही काठी उगारू लागला, तर एखाद्या दिवशी ती काठी रहिवाशांच्याच डोक्यात बसते. उतारवयात मेंदूतल्या गस्तवाल्यांचे असे काहीसे होत असावे, असे पुष्कळ पुरावे सांगतात. हे गस्तवाले केवळ बघे नाहीत, हे २०१२ च्या अखेरीस स्पष्ट झाले. आइसलंडमधील आणि इतर देशांतील संशोधकांना एका जनुकात असा फेरफार आढळला की, तो ज्यांच्यात आहे त्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट असतो. आणि ते जनुक मेंदूत मुख्यतः काम करते ते या गस्तवाल्या पेशींतच!

आता 'दाह' या शब्दाकडे वळू. बोटात काटा मोडला की बोट सुजते, लाल होते, गरम लागते, ठणकते. हा दाह शत्रू नव्हे. ती शरीराची लढाई आहे. काटा निघाला, की दोन दिवसांत सर्व शांत. पण चुलीच्या काळात रात्री विस्तव राखेने झाकून ठेवीत, तो सकाळपर्यंत आतल्या आत धुमसत राही. वरून पाहणाऱ्याला चूल विझलेली दिसे. उतारवयातला दाह हा असा असतो. ताप नाही, ठणका नाही. रक्त तपासले तरच त्याची धग कळते. इटलीतील बोलोन्या विद्यापीठाचे क्लॉडिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली त्याला 'इन्फ्लेमेजिंग' असा जोडशब्द घडवला. मी आपला त्याला 'जरादाह' म्हणतो. जरा म्हणजे वार्धक्य. कोणी 'जरासा दाह' असा अर्थ घेतला तरी बिघडत नाही, तोही खराच आहे. या विस्तवाला सरपण पुरवणारे अनेक असतात. पोटावरची चरबी, धूम्रपान, सुजलेल्या हिरड्या, वर्षानुवर्षे अंगात दडून बसलेले विषाणू, शिवाय म्हाताऱ्या होऊनही न मरणाऱ्या आणि भोवती जळजळ पसरवणाऱ्या पेशी.

मग सूज उतरवणारी गोळी घेतली की काम झाले, असे कोणालाही वाटेल. संशोधकांनाही वाटले. कॅनडातील व्हँकुव्हरचे पॅट्रिक आणि एडिथ मॅक्गीर हे दांपत्य यात पुढे होते. संधिवाताच्या ज्या रोग्यांनी वर्षानुवर्षे सूज उतरवणारी औषधे घेतली, त्यांच्यात अल्झायमर कमी दिसतो, असे १९९० च्या सुमारास त्यांनी दाखवले. मोठी आशा उत्पन्न झाली. अमेरिकेत सत्तरीच्या पुढच्या, घराण्यात हा विकार असलेल्या सुमारे अडीच हजार लोकांना अशा गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. २००४ च्या डिसेंबरात हृदयाला धोका होईल या भीतीने गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि स्मृतीला त्यांचा काहीएक उपयोग झाला नाही. त्यापूर्वी रोग जडलेल्यांवर केलेले मोठे प्रयोगही असेच फसले होते. शास्त्राच्या इतिहासात असे दिवस फार येतात. वर्तमानपत्रांत फक्त आशेचे दिवस छापून येतात, एवढेच. घरच्या घरी वेदनाशामक गोळ्या खाऊन स्मृती टिकवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मूत्रपिंड मात्र हकनाक जाईल.

या अपयशाचा एक अर्थ असा लावतात की, सत्तरीत पाणी ओतण्याला उशीर झालेला असतो. होनोलुलु येथे सुमारे हजार जपानी-अमेरिकन पुरुषांचे मध्यमवयात साठवलेले रक्त तपासले गेले. ज्यांच्यात दाहाची खूण अगदी कमी होती त्यांच्या मानाने इतरांना पंचवीस वर्षांनी स्मृतिभ्रंशाचा धोका तिप्पट निघाला, असे २००२ साली जाहीर झाले. म्हणजे राखेखाली विस्तव असतो तो चाळिशी-पन्नाशीत, आणि धूर दिसतो पंचाहत्तरीला. धग आणि स्मृतिभ्रंश यांतले कारण कोणते आणि कार्य कोणते, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

मध्यमवयाचा विषय निघाला म्हणजे आपल्या मराठी मुलखातल्या एका संशोधनाची आठवण होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी १९९९ साली दाखवून दिले की, आपल्याकडच्या शहरी माणसाच्या रक्तात दाहाची द्योतक द्रव्ये खेड्यातल्या माणसापेक्षा पुष्कळ अधिक असतात. हे संशोधन मधुमेह आणि हृदयविकार यांच्या संदर्भातले होते, स्मृतीच्या नव्हे. परंतु मध्यमवयातला मधुमेह, वाढता रक्तदाब आणि स्थूलपणा ही स्मृतिभ्रंशाचीही वाट आहे, हे आता सर्वमान्य आहे. याच दोघांनी २००४ साली एक गंमत केली. दोघांची उंची-वजनाची गोळाबेरीज अगदी सारखी, २२.३. परंतु चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात ती निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 'लॅन्सेट' या साप्ताहिकाने छापला. 'अहो, मी कुठे लठ्ठ आहे?' असे म्हणणाऱ्या सडपातळ मराठी माणसाने तो अवश्य पाहावा. फोर्टच्या कचेरीत दिवसभर बसून, लोकलमध्ये उभे राहून आणि घरी पोहे-साबुदाण्यावर दिवस काढून जे पोट सुटते, ते खेड्यातल्या काकाला नव्हते.

या शोधकथेत एक पात्र अगदी अनपेक्षित दिशेने आले. ते म्हणजे नागीण! कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि म्हातारपणी नागिणीच्या रूपाने उसळतो. वेल्समध्ये २०१३ साली तिची लस सुरू झाली, तेव्हा नियम असा केला की २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना ती मिळेल, आधी जन्मलेल्यांना नाही. म्हणजे एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेले, एरवी सर्व बाबतींत सारखे, असे दोन गट आपोआप तयार झाले. सात वर्षांनी पाहता लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने कमी भरले, आणि स्त्रियांत हा लाभ अधिक दिसला. हा निष्कर्ष २०२५ च्या एप्रिलात 'नेचर'मध्ये आला. ती जुनी लस होती. आता नवी निराळी लस वापरतात. भारतात ती मिळते, मात्र महाग आहे. कोणी घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. विचारण्यासारखा प्रश्न आहे, हे मात्र खरे.

आता हळद. मोबाइलवर हा संदेश आला नाही असे घर नसेल की, भारतीय हळद खातात म्हणून त्यांना अल्झायमर होत नाही. याचे मूळ हरियाणातील बल्लभगड येथल्या पाहणीत आहे. तेथे या विकाराचे प्रमाण खरोखरच फार कमी आढळले होते. पण आयुर्मान कमी, रोग जडल्यावर जगणे थोडे आणि पाहणीचा काळही थोडा, ही कारणे त्या संशोधकांनी स्वतःच पुढे केली होती. उंदरांवर हळदीतल्या द्रव्याचा चांगला परिणाम दिसला, पण अल्झायमरच्या रोग्यांवरील प्रयोगांत दिसला नाही. पोटात घेतलेले ते द्रव्य रक्तात उतरतच नाही फारसे. आणि मघाशी सांगितलेल्या देशव्यापी पाहणीत तर खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शहरांहून अधिक निघाले. हळद काय खेड्यात कमी खातात? हळद भाजीत जरूर घालावी; भरवसा मात्र तिच्यावर टाकू नये. खेड्यातल्या या वाढीशी शाळा न मिळण्याचा संबंध मोठा दिसतो, आणि ते केवळ दाहाच्या हिशेबात बसणारे नाही. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या मंडळाने टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची जी यादी दिली, तिच्यात अल्पशिक्षण आहे, बहिरेपण आहे, एकाकीपण आहे आणि हवेचे प्रदूषणही आहे. ही सर्व दूर झाली तर जवळजवळ निम्मे रोगी टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. घोडबंदर रस्त्याच्या धुळीत राहणाऱ्यांनी यातले शेवटचे नाव दोनदा वाचावे.

किटण धुऊन काढणारी नवी औषधेही आली आहेत. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ साली त्यांना परवानगी मिळाली. ती मुख्यतः शिरेतून देतात. रोगाच्या अगदी सुरुवातीला दिली तर दीड वर्षात ऱ्हास सुमारे पाव हिश्शाने मंदावतो, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. रोग थांबत मात्र नाही.

घरात असा माणूस असेल त्याने या सर्व संशोधनातून एक गोष्ट आजच घेण्यासारखी आहे. काल बरी असलेली आई आज अचानक बरळू लागली, रात्रभर जागी राहून भलतेसलते पाहू लागली, तर 'रोग वाढला' म्हणून बसू नये. पुष्कळदा लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असतो, आणि म्हातारपणी त्यात ताप येतोच असे नाही. शरीरात पेटलेली आग मेंदूतल्या बिथरलेल्या वॉचमनला कळते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे सुमारे तीनशे रोग्यांवर केलेल्या अभ्यासात असा दाह उसळून गेलेल्यांचा ऱ्हास सहा महिन्यांत दुप्पट वेगाने झालेला दिसला. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळूहळू वाढणाऱ्या विसराळूपणातही आधी रक्तातले बी-१२ आणि थायरॉइड तपासावे; पुण्यात पाहिलेल्या मध्यमवयीन पुरुषांत दोन-तृतीयांशांना बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व आपल्याला दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळते. ते भरून काढता येते, आणि कधी कधी त्याबरोबर माणूसही परत मिळतो.

चोरीचा आळ घेणारी सासू लबाड नसते. तिने स्वतः ठेवलेली बांगडी ठेवल्याची आठवणच तिच्या मेंदूत उमटलेली नसते. मग बांगडी गेली कोठे, याचे उत्तर मन स्वतः रचते, आणि घरात सर्वांत जवळ असते ती सून. 'अस्तु' या २०१३ च्या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी असा एक संस्कृत पंडित उभा केला आहे. ज्याच्या जिभेवर ग्रंथ नाचत, तो मुलीची नजर चुकताच रस्त्यावरच्या हत्तीमागून चालू लागतो. हा चित्रपट सुनेने आणि नणंदेने शेजारी बसून पाहावा. वाद घालून पुरावा दाखवण्यापेक्षा 'चला, आपण दोघी मिळून शोधू' असे म्हटले तर बांगडी उशीच्या अभ्र्यात सापडते आणि दिवस निभावतो.

आमच्याकडे सध्या जुन्या म्हाडाच्या इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत. चाळीस वर्षे तळमजल्यावर राहिलेली माणसे आधी भाड्याच्या जागेत आणि मग विसाव्या मजल्यावर जातात. स्मृती उणावलेल्या माणसाला स्नानगृहाचा रस्ता डोक्यातून नव्हे, पायांतून ठाऊक असतो. घर बदलले की तोही जातो, आणि घरचे म्हणतात, नव्या जागेत आल्यापासून आजोबा बिघडले. अशा घरांनी जुने कपाट, देवघर, भिंतीवरचे घड्याळ आणि दारावरची पाटी बरोबर न्यावी, आणि पलंगाची दिशा जुन्या घरातलीच ठेवावी. सामान हलवताना तरुण मंडळी भंगारात पहिल्याने काढतात त्या नेमक्या याच वस्तू असतात.